इशारा, निषेध आणि पाठभेद : कंपायलरच्या इशाऱ्यांची बिल्ड स्क्रिप्टांतील व्यवस्था

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे, प्रवरेच्या काठी, शके १२१२ मध्ये म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढील सुमारे तीनशे वर्षांत तिच्या नकला हातोहात होत गेल्या व प्रत्येक लेखकाच्या बोलीचा, अज्ञानाचा आणि क्वचित अतिशहाणपणाचाही ठसा तिच्या पाठावर उमटला. शके १५०६ मध्ये म्हणजे इ. स. १५८४ मध्ये पैठणच्या एकनाथांनी या पाठांचे शोधन केले आणि अखेरीस, या पाठात स्वतःची ओवी मिसळणाऱ्यास उद्देशून एक सूचना जोडून ठेविली. ही सूचना म्हणजे निषेध नव्हे. नकलाकाराचा बोरू ती थांबवू शकत नाही. काम चालू ठेवावयाचे असेल तर ठेवावे, परंतु त्याचा दोष कोणता हे जाणून ठेवावे, एवढेच ती सांगते. सूचना देऊन थांबणे आणि प्रत्यक्ष अटकाव करणे यांतील हा भेद, आणि पाठ एका हातातून दुसऱ्या हातात गेला असता त्या सूचनेचे काय होते हा प्रश्न, संगणकाच्या क्षेत्रात गेल्या पन्नास वर्षांत फार तीव्रतेने उभा राहिलेला आहे.

याच जिल्ह्यात १९८३ साली लोणी, संगमनेर व कोपरगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. त्याच वर्षी, २७ सप्टेंबर रोजी, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध अर्थातच काही नाही. तथापि अशा महाविद्यालयातून सी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याची एक नेहमीची अडचण लक्षात घेतली, म्हणजे दोहोंचा सांधा कोठे आहे ते दिसते. प्रयोगशाळेतील लिनक्सवर जो प्रोग्राम निमूटपणे तयार होतो, तोच घरच्या विंडोजवर दोनशे इशारे देतो, आणि मित्राच्या मॅकवर तर बिल्डच बंद पडते. प्रोग्राम तोच, भाषा तीच. बदललेला असतो तो कंपायलर, आणि त्याला बिल्ड स्क्रिप्टमधून दिलेल्या फ्लॅगांचा अर्थ.

प्रथम संज्ञांचा विचार करणे इष्ट होईल. कंपायलर दोन प्रकारे बोलतो. पहिला प्रकार चुकीचा, म्हणजे ज्यास सर्वत्र एरर म्हणतात त्याचा होय : रचना व्याकरणास धरून नाही, सबब भाषांतर होऊ शकत नाही. दुसरा इशाऱ्याचा : रचना व्याकरणशुद्ध आहे, परंतु लिहिणाऱ्याच्या मनात हेच असावे असे वाटत नाही. आपल्याकडील नैयायिकांनी वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता व संनिधी अशा अटी सांगितल्या आहेत. 'अग्नीने शिंपतो' हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण. येथे विभक्ती, क्रियापद सर्व ठीक आहे, उणीव आहे ती योग्यतेची. कंपायलरचे बहुतेक इशारे या योग्यतेच्या प्रांतात मोडतात. मूल्य न दिलेले चल वाचणे, तुलनेच्या जागी नियुक्ती लिहिणे, चिन्हयुक्त संख्येची चिन्हरहित संख्येशी गाठ घालणे, या गोष्टी भाषेस मान्य आहेत; शहाण्या वाचकास मात्र त्या खटकतात. आणि वाचक म्हटला की मतभेद आलाच. म्हणूनच एररच्या बाबतीत निरनिराळे कंपायलर पुष्कळसे एकमताने वागतात व इशाऱ्यांच्या बाबतीत प्रत्येकाची रुची वेगळी.

इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही की, इशारा आणि पोर्टेबिलिटी ही दोन्ही जुळी भावंडे आहेत. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी रचलेली सी भाषा आरंभी एका यंत्राच्या आश्रयाने वाढली. १९७७ च्या सुमारास युनिक्स ही प्रणाली इंटरडाटा ८/३२ या अगदी निराळ्या घडणीच्या यंत्रावर नेण्याचा उद्योग सुरू झाला, तेव्हा एका यंत्रावर बिनबोभाट चालणाऱ्या प्रोग्रामांत किती गृहीतके दडलेली होती ती उघडकीस आली. स्टीव्ह जॉन्सन यांनी याच काळात 'लिंट' नावाचा स्वतंत्र तपासनीस रचला. कपड्याला चिकटून राहिलेल्या बारीक तंतूंना इंग्रजीत लिंट म्हणतात; प्रोग्रामवरील असली लव झटकून काढणे हे त्याचे काम. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर तो सर्वत्र पोहोचला. कंपायलर चपळ व आटोपशीर राहावा आणि कडक परीक्षा ज्यास हवी त्याने ती वेगळी मागावी, अशी ही वाटणी होती. प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर जाण्यास योग्य आहे की नाही हे सांगण्यासाठी जन्मलेली ही सोय पुढे स्वतःच एका कंपायलरावरून दुसऱ्यावर नेता येईनाशी झाली, हा या इतिहासातील विरोधाभास होय.

मार्च १९८७ मध्ये स्टॉलमन यांचा कंपायलर, जी.सी.सी., प्रथम बाहेर पडला. लिंटची कामगिरी हळूहळू कंपायलरच्याच पोटात गेली आणि 'डब्ल्यू' या अक्षराने आरंभ होणाऱ्या फ्लॅगांची माला तयार झाली. त्यांतील 'डब्ल्यू-ऑल' हा सर्वांत परिचित आणि नावाने सर्वांत फसवा. त्यात सर्व इशारे नाहीत. सामान्यतः टाळता येण्याजोग्या व निर्विवाद दोषांपुरताच तो मर्यादित आहे. उरलेल्यांपैकी काहींसाठी नुसता 'डब्ल्यू' असा दुसरा फ्लॅग होता. २००४ च्या ३.४ या आवृत्तीत त्यास 'डब्ल्यू-एक्स्ट्रा' हे अधिक अन्वर्थक नाव मिळाले. तरीही दोन्ही मिळून 'सर्व' होत नाहीतच. जगातील अगणित स्क्रिप्टांत 'डब्ल्यू-ऑल' कोरला गेला असल्यामुळे त्याचा अर्थ मनास येईल तसा वाढविता येत नाही. रूढ शब्दाचा अर्थ कोशकाराच्या इच्छेने बदलत नाही, त्यातलाच हा प्रकार.

इतर घराण्यांचे रिवाज निराळे. सिलिकॉन ग्राफिक्सच्या कंपायलरास 'फुलवॉर्न' सांगावे लागे, एच.पी.च्या कंपायलरास अधिक चिन्हासह 'डब्ल्यू १', आय.बी.एम.च्या कंपायलरास 'क्यू-इन्फो'. मायक्रोसॉफ्टने शून्यापासून चारपर्यंत पायऱ्या केल्या व त्यांवर 'डब्ल्यू-ऑल' ठेविला. मात्र तेथे तो खरोखरीच सर्व इशारे देतो, प्रणालीच्या स्वतःच्या हेडर फायलींविषयीचेसुद्धा. क्लँगचा विंडोजवरील अवतार मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने वागावयाचा असल्याने तेथे 'डब्ल्यू-ऑल' म्हटले की क्लँगचा 'डब्ल्यू-एव्हरीथिंग' लागू होतो. अर्थात एकच कंपायलर एकाच शब्दाचे दोन वेषांत दोन अर्थ घेतो. मराठी माणसाने हिंदी प्रदेशात 'शिक्षा' हा शब्द ऐकून दचकावे, तशी स्थिती स्क्रिप्ट लिहिणाऱ्याची होते.

या परिस्थितीवर पहिला उपाय सुचतो तो नाव विचारण्याचा : कंपायलर अमुक असेल तर अमुक फ्लॅग द्यावे. हा उपाय थोड्याच काळात अपुरा पडला. कारण एकाच नावाखाली दहा आवृत्त्या असतात व नवे कंपायलर जुन्यांची नावे धारण करितात. दुसरा मार्ग लॅरी वॉल यांच्या १९८४ च्या सुमाराच्या 'कॉन्फिगर' स्क्रिप्टने दाखविला आणि डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये 'ऑटोकॉन्फ' रचून तो शास्त्रशुद्ध केला : नाव विचारू नये, वर्तन पाहावे. दोन ओळींचा प्रोग्राम लिहावा, तो फ्लॅगसह कंपायलरपुढे ठेवावा, आणि त्याने स्वीकारला तर तो फ्लॅग वापरावा. बोलींची पाहणी करणाऱ्यास ही पद्धत नवी वाटणार नाही. 'तुमची बोली कोणती?' या प्रश्नाचे उत्तर निवेदक गावाचे, जातीचे किंवा प्रतिष्ठेचे देतो. नेमके वाक्य पुढे ठेवून 'असे बोलतात काय?' असे विचारले तरच खरी माहिती हाती लागते. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींची जी पाहणी केली, तिच्या पद्धतीचे हे मर्म कोणाही अभ्यासकास परिचित आहे.

पाहणी करणाऱ्यास आणखी एक अनुभव असतो. काही निवेदक भिडेखातर प्रत्येक प्रश्नास 'हो' म्हणतात. कंपायलरांतही असे भिडस्त निघाले.

जी.सी.सी.ला अपरिचित इशारा मागितला की तो एरर देऊन थांबतो. ही सरळ वागणूक झाली. परंतु अपरिचित इशारा बंद करावयास सांगितला, म्हणजे 'डब्ल्यू-नो' या उपसर्गाने आरंभ होणारा फ्लॅग दिला, तर २००९ च्या ४.४ या आवृत्तीपासून तो काहीच बोलत नाही. प्रोग्राममध्ये दुसरा एखादा दोष सापडला तरच, जाता जाता, हा फ्लॅग आपणांस ठाऊक नव्हता असे सांगतो. या मौनामागे हेतू चांगला होता : जो इशारा या आवृत्तीत नाहीच तो बंद करा असे म्हटल्याने जुन्या कंपायलरवर बिल्ड अडू नये. पण दोन ओळींच्या निर्दोष चाचणी-प्रोग्रामात दुसरा दोष नसल्यामुळे चाचणी नेहमी यशस्वी होते व तिला काही अर्थ उरत नाही. यावर तोड अशी की, बंद करावयाच्या इशाऱ्याची परीक्षा त्याच्या होकारार्थी रूपात घ्यावी आणि तो स्वीकारला गेल्यास नकारार्थी रूप वापरावे. लिनक्सच्या कर्नलमधील बिल्ड व्यवस्थेत हाच संकेत आढळतो.

क्लँगची रीत उलट. २००७ मध्ये खुला झालेला हा कंपायलर अपरिचित इशारा मागितला असता एरर न देता त्याविषयी एक इशारा देतो. चाचणी केवळ यशापयश पाहत असल्यामुळे तिला हा इशारा दिसतच नाही. फ्लॅग मान्य झाला असे ती नोंदविते, आणि पुढे प्रत्येक फाईलमागे तीच ओळ हजार वेळा छापली जाते. त्यातच 'डब्ल्यू-एरर' हा, सर्व इशाऱ्यांना एररचा दर्जा देणारा, फ्लॅग स्क्रिप्टमध्ये असला तर बिल्ड पहिल्याच फायलीवर कोसळते. म्हणून क्लँगसाठी चाचणीपुरता अपरिचित फ्लॅगांविषयीचा तेवढा एक इशारा एररच्या पदास चढवावा लागतो.

मग चाचण्यांच्या वेळी सरसकट 'डब्ल्यू-एरर' लावून का ठेवू नये, असा प्रश्न सहज उद्भवतो. या उपायाने रोगापेक्षा मोठा अपाय झालेला आहे. एखादे फंक्शन प्रणालीत आहे की नाही हे पाहण्यासाठी ऑटोकॉन्फ त्या फंक्शनची मुद्दाम खोटी, एकाच साच्यातील घोषणा लिहितो. ज्या फंक्शनचे खरे रूप कंपायलरला आतूनच ठाऊक असते त्याच्या बाबतीत ही घोषणा त्यास विसंगत दिसते व तो इशारा देतो. 'डब्ल्यू-एरर' असल्यास इशाऱ्याचा एरर होतो, चाचणी फसते, आणि अस्तित्वात असलेले फंक्शन नाही असे स्क्रिप्ट नोंदविते. बिल्ड मात्र थांबत नाही! ते पर्यायी, कदाचित अधिक दुबळा कोड घेऊन शेवटास जाते. मोडलेले बिल्ड लगेच दिसते. चुकीच्या गृहीतकावर उभे राहिलेले बिल्ड दिसत नाही. सबब 'डब्ल्यू-एरर' चाचण्या आटोपल्यावरच जोडावा, हा नियम अनुभवी मंडळी पाळतात. ऑटोमेकला दिल्या जाणाऱ्या त्याच नावाच्या पर्यायांनी येथे गोंधळात भर घातली आहे, कारण ते ऑटोमेकच्या स्वतःच्या इशाऱ्यांस लागू असतात, कंपायलरच्या नव्हेत.

या धोक्याचे सर्वांत विस्तृत उदाहरण अलीकडचे आहे. घोषणा न करता फंक्शन वापरण्याची जुन्या सी भाषेतील मुभा १९९९ च्या प्रमाणाने काढून घेतली. तरी कंपायलरांनी पुढील दोन तपे तिच्याविषयी केवळ इशारा देऊन निभावून नेले. २०२३ मध्ये क्लँगच्या १६ व्या आवृत्तीने आणि मे २०२४ मध्ये जी.सी.सी.च्या १४ व्या आवृत्तीने तो इशारा एरर केला. मूळ प्रोग्रामांतील दोष त्यामुळे लगेच उघडे पडले व दुरुस्त झाले, त्यात नवल नाही. खरी पंचाईत झाली ती वीसवीस वर्षांपूर्वी रचलेल्या कॉन्फिगर स्क्रिप्टांची. त्यांच्या चाचणी-प्रोग्रामांत आवश्यक ती हेडर फाईल जोडण्याचे कष्ट पुष्कळांनी घेतलेले नव्हते. असे प्रोग्राम आता सरसकट नापास होऊ लागले, आणि ते ज्या सोयीची चाचणी घेत होते ती सोय यंत्रावर नाही असा निकाल कोणाच्याही नकळत लागू लागला. फेडोरासारख्या वितरणांच्या कार्यकर्त्यांना हा बदल होण्याच्या आधीपासूनच पॅकेजांच्या मोठ्या संख्येतून असली स्थळे शोधून काढावी लागली. जुन्या स्क्रिप्टेसाठी १९८९ च्या प्रमाणाचा फ्लॅग देणे, किंवा तेवढाच एरर पुन्हा इशाऱ्याच्या पदावर आणणे, अशा पळवाटा आहेत. पण त्या वापरणाऱ्यास प्रथम आपणांस पळवाटेची गरज आहे हे कळावे लागते.

इशाऱ्यांचे अस्थैर्य केवळ नावांत नाही. 'हे चल मूल्य मिळण्यापूर्वी वाचले जात असावे' हा इशारा घ्या. तो देण्यासाठी प्रोग्राममधील सर्व वाटा पाहून कोणते मूल्य कोठपर्यंत पोहोचते हे ठरवावे लागते. हेच प्रवाह-विश्लेषणाचे शास्त्र होय, आणि त्यात महाराष्ट्रातील संशोधनास मानाचे स्थान आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये धनंजय धामधेरे यांनी १९८० नंतरच्या दशकात अनावश्यक गणने हलविण्याच्या रीतींवर काम केले. त्यांचे विद्यार्थी उदय खेडकर यांनी काही काळ पुणे विद्यापीठात अध्यापन करून पुढे त्याच संस्थेत जी.सी.सी.च्या अंतर्रचनेच्या अध्ययनाचे केंद्र चालविले, आणि अमिताभ संन्याल व बागेश्री करकरे यांच्यासह २००९ मध्ये प्रवाह-विश्लेषणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. हे विश्लेषण मुख्यतः कोड सुधारण्यासाठी केले जाते; इशारा हे त्याचे उपफल. म्हणून पुष्कळ वर्षे जी.सी.सी. हा इशारा सुधारणेचा फ्लॅग दिल्याशिवाय देतच नसे. आजही सुधारणेची पायरी बदलली की इशाऱ्यांची यादी बदलते. २०१२ च्या ४.७ या आवृत्तीत 'नक्की' आणि 'कदाचित' असे या इशाऱ्याचे दोन भाग पाडण्यात आले ते याच कारणाने. तेव्हा 'आमचा कोड इशाऱ्यांविना तयार होतो' हे विधान कंपायलर, आवृत्ती व सुधारणेची पायरी सांगितल्याविना अपुरे आहे.

नको असलेला इशारा गप्प करण्याचा मोह किती महाग पडतो याचे उदाहरण डेबियनने २००६ मध्ये घालून दिले. तपासणीच्या एका साधनाने (ते कंपायलर नव्हते, परंतु दोषाचा प्रकार हाच) ओपन-एस.एस.एल. मध्ये मूल्य न दिलेली स्मृती वाचली जाते अशी तक्रार केली. ती मिटविण्यासाठी वगळलेल्या ओळीने यादृच्छिकतेचा जवळजवळ सर्व साठाच तोडून टाकला. मे २००८ मध्ये हे उघड झाले तेव्हा, दोन वर्षांत तयार झालेल्या किल्ल्या प्रक्रियेच्या क्रमांकावरच, म्हणजे सुमारे ३२ हजार पर्यायांवर, अवलंबून होत्या असे दिसून आले. उलट बाजूचे उदाहरण ॲपलचे. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांच्या सुरक्षा-कोडात एक 'गोटू' ओळ दोनदा पडल्याचे आढळले, व त्यामुळे पुढील तपासणी कधीच होत नव्हती. कधीही न पोहोचता येणाऱ्या कोडाविषयी क्लँगमध्ये इशारा होता, पण तो 'डब्ल्यू-ऑल' मध्ये नव्हता. जी.सी.सी.ने तर तोच फ्लॅग अविश्वसनीय ठरल्यामुळे काढून टाकला होता. मात्र जुन्या स्क्रिप्टे अडू नयेत म्हणून त्याचे नाव स्वीकारणे चालू ठेविले होते. नाव घेतले जाते, काम होत नाही. चाचणीला तो 'आहे' असेच दिसते.

'डब्ल्यू-एरर' कोणी लावावा, याविषयी आता बऱ्यापैकी एकमत झाले आहे. लेखकाने आपल्या कामाच्या प्रतीत लावावा, प्रकाशित प्रतीत लावू नये. कारण प्रकाशित प्रत उद्याच्या कंपायलरपुढे जाणार, आणि उद्याचा कंपायलर काय बोलेल ते आज कोणास ठाऊक नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलमध्ये तो मूळचाच लावून पाहिला, व काही दिवसांतच चाचणीसाठी केलेल्या बिल्डांपुरता तो मर्यादित करावा लागला. सीमेकच्या ३.२४ या आवृत्तीने २०२२ मध्ये यासाठी वेगळे चल दिले आणि वापरणाऱ्यास ते बाहेरून रद्द करण्याची सोयही ठेविली. मेसनने इशाऱ्यांच्या पायऱ्याच आपल्याकडे घेऊन कंपायलरनिहाय भाषांतराचे काम स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या डोक्यावरून उतरविले.

भाषेच्या अभ्यासकांस विशेष रुचेल असा एक भाग येथे राहतो. २०१७ मध्ये जी.सी.सी.च्या ७ व्या आवृत्तीत 'स्विच' मधील एका शाखेतून पुढील शाखेत नकळत घसरण्याविषयी इशारा आला. घसरणे हेतुपुरस्सर असल्यास तेथे तशा अर्थाची टीप लिहावी, म्हणजे इशारा मिळणार नाही, अशी व्यवस्था आहे. टीप ही माणसासाठी असते, कंपायलर ती वाचत नाही, हा सी भाषेचा आरंभापासूनचा संकेत येथे मोडला. आणि कंपायलर वाचतो ती टीप इंग्रजी. 'येथून मुद्दाम पुढे जावे' अशी निःसंदिग्ध मराठी टीप लिहिली तरी नेहमीच्या पायरीवर इशारा येतोच. कोणत्याही भाषेतील कोणतीही टीप चालेल अशी एक सैल पायरी फ्लॅगच्या अंकाने मागता येते. पण तो अंक दुसऱ्या कंपायलरला कळेलच असे नाही. सी भाषेच्या २०२३ च्या प्रमाणात त्यासाठी स्वतंत्र चिन्ह आले, ते अर्थातच टीप नसून भाषेचा भाग आहे.

नामांच्या लिपीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. २०२० च्या १० व्या आवृत्तीपासून जी.सी.सी. मध्ये चलांची नावे थेट देवनागरीत लिहिता येतात. आता मराठीचा अर्धा ऱ, म्हणजे 'वाऱ्या', 'दऱ्या' यांतील रफारासारखा नसलेला तो आडवा र, युनिकोडमध्ये तीन प्रकारांनी लिहिला जातो : अखंड 'ऱ' व हलन्त; र, त्याखाली नुक्ता व हलन्त; आणि र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच. पहिल्या दोहोंना युनिकोड समरूप मानते व त्यांतील दुसरे रूप वापरल्यास जी.सी.सी. प्रमाणीकरणाचा इशारा देतो. तिसरे रूप मात्र त्या समरूपतेत बसत नाही. त्यामुळे हा इशारा मिळत नाही, आणि कंपायलरच्या लेखी ते वेगळेच चल ठरून 'घोषणा नाही' असा एरर येतो. शिवाय सी भाषेच्या २०११ च्या प्रमाणाने अदृश्य जोडचिन्ह नामात चालू दिले होते. २०२३ च्या प्रमाणाने नामांची यादी युनिकोडच्या व्याख्येस जोडल्यामुळे ते बाहेर पडले. २०२५ च्या १५ व्या आवृत्तीपासून जी.सी.सी. काही न सांगितल्यास २०२३ चेच प्रमाण गृहीत धरतो. तेव्हा देवनागरी नावे वापरणाऱ्याने आपल्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये कोणत्या सालचे प्रमाण अभिप्रेत आहे तो फ्लॅग स्पष्टपणे लिहिणे, आणि सर्व फायलींतील अर्धा ऱ एकाच प्रकारे टंकित झाला आहे हे कंपायलरकडे जाण्यापूर्वीच एखाद्या वेगळ्या तपासनीसाकडून पाहून घेणे आवश्यक ठरते.